गाईच्या पोटाखाली बाळ

बाळ रांगत गाईच्या पोटाखाली गेलं, अन् मी हातातलं ओवाळायचं ताट खाली ठेवलं. घरात एकच गाय. आज वसुबारस, सगळं दूध वासराचं, म्हणून बाळाला नुसती पेज पाजलेली. ते भुकेनं तिकडंच गेलं. पहिल्यांदाच व्यालेली गाय, वासराजवळ कुणी आलं की लाथ घालते. मी धावणार, तर सासूबाई हळूच म्हणाल्या, "हलू नगं गं! बुजली तर तुडवंल त्याला."

गाय माझ्याकडं बघत हुती. मला वाटलं, हिलाबी माझ्यावानीच लेकरासाठी भीती वाटत असंल, म्हणून मारत असंल. तिनं पाय उचलला. तसाच अधांतरी धरला. बाळ पलीकडं निघाल्यावरच खाली टेकवला.

बाळाला आता छातीशी धरलंय. तिनं पाय रोखून धरला, अन् मी आई असून नुसती उभी राह्यले. तुमी काय केलं असतं?