वारेचं मडकं

मी आज जो काही आहे तो माझ्या आत्यामुळं. आई गेल्यावर तिनंच मला उमापूरजवळच्या तिच्या गावी नेऊन वाढवलं. सहकारी दूध संस्थेत ती कॅन धुवायची आणि गावातली बाळंतपणंही करायची. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, पुढं एम.एस्सी. झालो तेव्हा तिनं डेअरीत पेढे वाटले. सचिव म्हणाले, "आत्याबाई, भाचा साहेब झाला, आता कॅन धुणं सोडा."

"साहेब त्यो झालाय, मी न्हाई. सरका, कॅना वाळवायच्यात."

मला नोकरी लागली ती वारेवरच्या, म्हणजे पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या आणि त्याच्यामागून पडणाऱ्या भागावरच्या संशोधनात. दुष्काळात दिवस गेलेल्या बायांच्या वारेत कोणती जनुकं कामाला लागतात आणि कोणती थंडावतात, हे आम्हाला बघायचं होतं. आत्याला सांगितलं, की प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण सगळी एका वेळी वापरात नसतात.

"मंजी आमच्या कॅनांवानी," ती म्हणाली. "ठेवलेल्या लई, पण लागतेत तेवढ्याच उघडायच्या."

इतकं सोपं मला माझ्या सरांनाही सांगता आलं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात आत्याची सून, माझी वहिनी, बाळंतपणाला तालुक्याच्या दवाखान्यात आली. नमुना द्यायला तिनं सही केली होती. बाळ झाल्यापासून अर्ध्या तासात वारेचे तुकडे धुऊन कुप्यांत भरावे लागतात; उशीर झाला, की पेशी काय करत होत्या याची खूण पुसली जाते. दवाखान्यात वीज टिकत नव्हती. दूध आटल्यामुळं डेअरीचं शीतकरण यंत्रही दिवसाआड चालायचं. तरी आत्या सचिवांच्या मागं लागून माझ्यासाठी बर्फ घेऊन आली. एका हातात बर्फाचा कॅन, दुसऱ्या बगलेत नवं मडकं. वार त्यात घालून अंगणात पुरायची होती.

"घे लौकर, बरफ इतळायलाय," म्हणून तिनं कॅन माझ्या हातात दिला.

बाळ जन्मलं आणि घटकाभरच जगलं. सगळे त्याच्याभोवती धावत होते. मी घड्याळ बघत होतो. कुप्या भरल्या, बर्फात लावल्या, आणि उरलेली वार रोजच्या सवयीनं पिवळ्या पिशवीत टाकली. मी बाहेर आलो तोवर कचऱ्याची गाडी पिशव्या घेऊन गेली होती. कुप्यांची पेटीही प्रयोगशाळेकडं निघाली होती.

आत्या पायरीवर मडकं घेऊन बसली होती.

"वार दे."

कचऱ्याची गाडी गेली त्या रस्त्याकडं मी बघितलं. ती समजली.

"लेकरू गेलं तर वार त्याच्यासंगं पुरतेत आपल्यात. तीच त्याची शिदोरी. तुला ठाऊक नव्हतं व्हय रं?"

"ठाऊक होतं."

"मग कावून न्हाई ठेवलीस?"

बाळाला तसंच पुरलं. त्यानंतर आत्या माझा फोन घेईना. महिनाभरानं मी तिला हे पत्र पाठवलं.

"तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार.

पत्र वहिनीकडून वाचून घे. वाचताना ती थांबली तर थांबू दे.

नमुना देणारीला तो केव्हाही परत मागता येतो, असं तिनं सही केलेल्या कागदात आहे. वहिनीला ते मीच वाचून दाखवलं होतं. प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमना विचारलं, त्या हो म्हणाल्या. एक कुपी शिल्लक आहे, करंगळीएवढी.

तिच्या सोबतची कुपी तपासली, ती बाद झाली नाही. म्हणजे वार निघाली तेव्हा तिच्या पेशी कामावर होत्या. बाळ का गेलं, हे त्यावरून कळत नाही, आणि मी खोटं सांगणार नाही. पण आत्या, त्याच्या कॅना शेवटपर्यंत उघड्या होत्या.

वहिनी हो म्हणाली तर बर्फात घालून मीच घेऊन येतो. घरात घेतलं नाहीस तरी चालेल, मी अंगणातच थांबेन. ते मडकं फोडलं नसशील तर ठेव.

तुझा भाचा"