हॉलमध्ये न पोचलेला आवाज

स्मशानभूमीच्या फाटकाला लागून शोकसभांचा एक हॉल होता आणि त्या हॉलच्या मागच्या भिंतीत, काचेआड, एक चिंचोळी खोली. तिथे तो बसायचा. त्याला सगळे ‘साउंडवाले’ म्हणत. मॅनेजरही, आणि रडून डोळे सुजलेली माणसंही. “साउंडवाले, जरा माईक बघता का हो?”

काम दिसायला सोपं होतं. सगळं एकाच कॉम्प्युटरवरून चालायचं: मंद संगीत, गेलेल्या माणसाच्या फोटोंची फिल्म, लांबून व्हिडिओ कॉलवर आलेले नातेवाईक. पण कॉम्प्युटरला दुःखबिःख काही कळत नाही. ऐन शांततेत मेल आल्याची घंटी वाजायची, नाहीतर ब्राउझरमधली एखादी जाहिरात मध्येच गळा काढायची. त्याच्या आधीच्या माणसाच्या हातून एका म्हाताऱ्या बाईंच्या शोकसभेत गादीची जाहिरात दणक्यात वाजली होती. तो माणूस दुसऱ्या दिवशी कामावर दिसला नाही.

म्हणून हा आल्या आल्या आधी व्हॉल्यूम मिक्सर उघडायचा. त्यात प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगवेगळा धरता येतो, कोणाला वर घ्यायचं, कोणाला पार तळाला न्यायचं. मेल शून्यावर, ब्राउझर शून्यावर. संगीत बोलणाऱ्याच्या खाली, कॉल संगीताच्या वर. शिवाय एखाद्या प्रोग्रामचा आवाज हॉलकडे न पाठवता फक्त आपल्या हेडफोनमध्येही घेता येतो. लांबचे नातेवाईक बोलायला लागण्याआधी तो त्यांना असा एकट्याने ऐकून घ्यायचा, खरखर आहे का, मागे कुत्रं भुंकतंय का. मग हॉलला जोडून द्यायचा.

सुरुवातीला त्याला रात्री जेवण जायचं नाही. पुढे जायला लागलं. पुढे पुढे तर लोक काय बोलतात ते त्याच्या कानात शिरेनासंच झालं. आवाज फाटतोय का तेवढं कळायचं. घरी आई विचारायची, “आज कोण होतं रे?” तो म्हणायचा, “होतं कोणीतरी.” आणि ताटावरून उठायचा.

मग आई गेली. चार दिवस तापाचं निमित्त झालं आणि आटोपलंच.

मॅनेजर भला माणूस. म्हणाला, “आज तुम्ही पुढे बसा. मी बघतो मागचं.”

“तुम्हाला जमायचं नाही. मीच बसतो,” हा म्हणाला.

खरं तर पुढे बसलं की चेहऱ्याचं काहीतरी करावं लागतं. तो काचेमागे गेला, मिक्सर उघडला, मेल शून्यावर नेली. फोटोंच्या फिल्ममध्ये आई हसत होती. संगीत जरा जास्त वाटलं म्हणून त्याने ते कमी केलं. रडू येईल म्हणून तो वाट बघत राहिला. आलं नाही.

मामा बोलले, आईबरोबर शिवणवर्गाला असलेल्या एक बाई बोलल्या. मग धाकट्या बहिणीची पाळी आली. ती फार लांब राहायची. बाळंतपण तोंडावर आलेलं, त्यामुळे प्रवास बंद. पडद्यावर तिचा सुजलेला चेहरा आला. दोन वाक्यं धड बोलली आणि तिसऱ्याला घसरली.

“आई रोज मला फोन करायची. म्हणायची, तुझा दादा माझ्याशी बोलत नाही गं. येतो, जेवतो, भांडं विसळून ठेवतो आणि झोपतो. एका घरात राहून...”

हॉलमधली दोन-तीन डोकी मागे वळली. मामांनी तर सरळ काचेकडे पाहिलं.

आणि त्याचा हात गेला. विचार करून नाही; जाहिरात वाजल्यावर जायचा तसाच. कॉलचा आवाज त्याने हॉलवरून काढून हेडफोनवर घेतला आणि संगीत हळूच वर चढवलं. पडद्यावर बहिणीचे ओठ हलत राहिले. “नेटवर्क गेलं वाटतं,” पुढच्या रांगेत कोणीतरी म्हणालं.

कानात मात्र ती स्वच्छ बोलत होती. “...पण तक्रार नव्हती हं तिची. म्हणायची, त्याच्या चपला काढायच्या आवाजावरून मला कळतं, आज लहान मूल होतं की म्हातारं माणूस. लहान मूल असलं की त्या दिवशी मी त्याला काही विचारत नाही. नुसतं गरम वाढते.” तिला हुंदका आला. “दादा, ऐकू जातंय ना?”

त्याने फक्त कॉलकडे जाणाऱ्या माईकचं बटण दाबलं. “ऐकतोय. बोल तू.”

ती आणखी बरंच बोलली. तो ऐकत राहिला, पडद्यावरच्या आवाजाच्या काट्यावर नजर ठेवून. आवाज कुठेही फाटत नव्हता. आत कुठेतरी काही हलायला हवं होतं, असं त्याला वाटलं. दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर बधिर गालाला हात लावून बघावा, तसं.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला.

“मामी म्हणत होती, माझं कोणाला ऐकूच गेलं नाही. नेटवर्क गेलं होतं?”

तो हो म्हणाला असता तर तिथेच मिटलं असतं. “नाही. मी बंद केलं.”

“का?”

“हात गेला.”

“तू स्वतः ऐकलंस का?”

“सगळं.”

“मग काही बोल ना, दादा.”

“तब्येतीला जप,” तो म्हणाला. तिने फोन ठेवला.

पुढच्या रविवारी मामा-मामी आईचं कपाट आवरायला आले. साड्यांच्या चळती पलंगावर निघाल्या तेव्हा त्याने घरचा जुना लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला. सवयीने मिक्सर उघडला, बाकी सगळं तळाला नेलं, कॉलचा आवाज शेवटपर्यंत वर चढवला आणि बहिणीला व्हिडिओ कॉल लावला.

“त्या दिवशी तू काय बोललीस ते यांना सांग,” तो म्हणाला.

“आता?” ती बिचकली. “तसं कसं येईल आता?”

“येईल तसं सांग.”

तिने सांगितलं. हॉलमधल्यासारखं नाही आलं, अडखळत, उलटसुलट. चपलांचं आलं, गरम वाढण्याचं आलं. मामी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “अगं बाई, मला वाटलं हा आईशी भांडूनच असायचा.” मामांनी घसा खाकरला आणि उगाचच एका साडीची घडी परत घातली. मग बोलणं कपाट कोणाकडे जायचं यावर गेलं, त्यावरून बाळाच्या कपड्यांवर, आणि बहीण एकदा हसलीसुद्धा.

तो खुर्चीत बसून होता. त्याला अजूनही काही होत नव्हतं, निदान सांगण्यासारखं तरी.

दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या बाई होत्या. “अहो, जरा आवाज कमी करता का? आमच्या घरात सगळं ऐकू येतंय.”

“बहीण बोलतेय,” तो म्हणाला. “थोडा वेळ चालू द्या.”