रेखाकाकू आणि तीस फुटी गाडी

रेखाकाकूंना लायसन्स मिळालं तेव्हा त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या. तीनदा नापास झाल्या, चौथ्यांदा पास झाल्या. मी तेव्हा अमेरिकेत, पार्सिपनी गावात नवी होते. मराठीत एमए, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नाही. काकू बेसमेंटमध्ये आयटीवाल्यांची सात मुलं सांभाळायच्या. मी मदतीला जायचे. तीस वर्षांनी मोठ्या होत्या, पण सगळ्यांना ओळख करून देताना म्हणायच्या, "ही माझी मैत्रीण."

पुढच्या वर्षी, २००७च्या जूनमध्ये, त्यांनी घरात जाहीर केलं की मोटरहोम भाड्याने घ्यायचं. सॉल्ट लेक सिटीहून निघायचं, नेवाडाचं वाळवंट ओलांडायचं आणि कॅलिफोर्नियाच्या समुद्राशी थांबायचं. चालवणार त्या.

गुरुनाथकाकांचं ड्रायव्हिंग डोळ्यांमुळे बंद झालं होतं. बाहेरचं जेवणही त्यांना चालत नसे.

"तुम्हाला घरचंच लागतं ना? मग घरच घेऊन जाऊ," काकू म्हणाल्या. "आत गॅस आहे, बाथरूम आहे."

दोन दिवसांनी काकांनी अट घातली. एक जरी गडबड झाली, तर तिथूनच परत फिरायचं.

"कबूल," काकू म्हणाल्या. "आणि ही पण येणार." ही म्हणजे मी.

गाडी तीस फूट लांब होती. पहिल्या दिवशी काकूंनी ती ताशी पंचेचाळीस मैलांच्या वर नेली नाही. मागे ट्रकांची रांग लागली.

"अगं, लोक हॉर्न देतायत," काका म्हणाले.

"देऊ देत. घाई त्यांना आहे."

नेवाडात खिंडीतून उतरलं की रस्ता पंधरा-वीस मैल सरळ दिसतो. पुढे पुन्हा डोंगर, पुन्हा खिंड. मध्ये घर नाही, झाड नाही. आडव्या वाऱ्याने गाडी डोलायची. काकू खालचा ओठ दातात धरायच्या आणि स्टिअरिंग सोडायच्या नाहीत.

ईली नावाच्या गावात आम्ही पाण्याची टाकी काठोकाठ भरली. चाळीस गॅलन. नंतरच्या तिन्ही रात्री मोकळ्या रानात मुक्काम केला. चौथ्या दिवशी सकाळी नळाने नुसती हवा सोडली.

कारण साधं होतं. काकूंच्या घरात आंघोळीशिवाय गॅस पेटत नाही. मधले दोन्ही दिवस त्यांनी पहाटे आंघोळ केली आणि आम्हालाही करायला लावली, केसांवरून. तांदूळ तीन पाण्यांनी धुतले. टाकीतलं पाणी दाखवणारा दिवा कुणी पाहिलाच नाही.

"झाली गडबड," काका म्हणाले. "मागचं गाव तीस मैलांवर आहे. वळव गाडी."

"पुढचं?" काकूंनी मला विचारलं.

मी नकाशा पाहिला. "चाळीस."

"चूक माझीच," काकू म्हणाल्या.

मला वाटलं, संपला प्रवास. काकू उठल्या. प्यायच्या पाण्याच्या बारा बाटल्या उरल्या होत्या. त्यातल्या दोन त्यांनी पातेल्यात ओतल्या. ओल्या टिश्यूने हात पुसले. अंगावर कालचेच कपडे होते. त्यांनी गॅस पेटवला.

काका उभेच राहिले. "रेखा! अगं, आंघोळ?"

"आज नाही."

"चौतीस वर्षांत तू कधी..."

"चौतीस वर्षांत मी एवढी गाडी तरी कुठे चालवली होती? उपमा करतेय. चालणार नसेल, तर सफरचंद आहे."

मी त्या निळ्या ज्योतीकडे बघत राहिले.

उपमा तयार झाला. मग काकांनी कागदी प्लेट पुढे केली. "मीठ कमी आहे," म्हणाले आणि पुन्हा वाढून घेतलं.

"गाडीला ओरखडा नाही," काकू म्हणाल्या. "पाणी संपलंय. ते पुढच्या गावातही मिळतं."

"अट गडबडीची होती."

"मग उतरा आणि चालत मागे जा."

काका उतरले नाहीत. काकूंनी गाडी पश्चिमेला घातली.

शेवटचा दिवस समुद्राकाठच्या रस्त्याचा होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली पाणी, दर शंभर यार्डांवर वळण. काकू आता बोलत चालवत होत्या. काकांनी दाराजवळची दांडी घट्ट धरली होती, पण "हळू" एकदाही म्हणाले नाहीत.

संध्याकाळी आम्ही कॅम्पग्राउंडच्या ऑफिसात गेलो. तिथल्या मुलीने फॉर्म काकांकडे सरकवला. काकांनी तो डोळ्यांजवळ धरला, ड्रायव्हरच्या रकान्यात मोठ्या अक्षरांत रेखा लिहिलं आणि बायकोकडे बोट दाखवलं.

"शी ड्रोव्ह," ते म्हणाले. "ऑल द वे."

मुलगी "ओके" म्हणून आमच्या जागेचा नंबर शोधू लागली. काकांचं समाधान झालं नाही.

"होल नेवाडा," त्यांनी आवाज चढवून सांगितलं. "अलोन."

"अहो, पुरे," काकू म्हणाल्या. पण जागच्या हलल्या नाहीत. मुलीने मान वर करून त्यांच्याकडे बघेपर्यंत ताठ उभ्या राहिल्या.