झेब्र्याचं पोट

आमच्या घरात गुरांवरून, कुंपणावरून, एकदा तर मिठाच्या डब्यावरूनही भांडणं झाली आहेत. पण सगळ्यात लांबलं ते झेब्र्याच्या पोटावरून.

हुल्दाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. औचो गावात आमच्या घराच्या ओट्यावर तिचं शिलाई मशीन आहे. गावातल्या आमच्या हेरेरो जमातीच्या निम्म्या बायका तिनं शिवलेल्या झग्यात लग्नाला उभ्या राहिल्या आणि तिनंच शिवलेल्या काळ्या झग्यात विधवा झाल्या. स्वतः मात्र तिनं लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणते, "पुरुष माप देताना फार हलतात." वडील गेल्यापासून घरात ती आणि माझी आई एर्ना. नणंद-भावजय. मी शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात या दोघींमधला निरोप्या असते.

त्या वर्षी कोणा नवरीची मावशी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड घेऊन आली. आत्यानं ते मांडीवर पसरलं आणि म्हणाली, "शिवणीवर पट्टा पट्ट्याला जुळला पाहिजे. झेब्र्यासारखा. पाठीवरून निघाला की पोटाखालून फिरून परत वर."

आई चुलीपाशी मांस ढवळत होती. तिथूनच म्हणाली, "वन्सं, झेब्र्याच्या पोटाला पट्टे नसतात. पोट पांढरं असतं."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. पश्चिमेला कामान्याबच्या डोंगरात वाढले मी. रोज दिसायचे."

"मी पूर्वेच्या माळावर वाढले, वहिनी. आणि माझे डोळे अजून सुईत दोरा ओवतात."

मी फोनवर फोटो शोधून दाखवायला गेले, तर दोघी एकदम माझ्यावर उलटल्या. "फोनमध्ये काय, उद्या माणसाला शेपूटही लावतील!" हे दोघींचं एकमतानं झालेलं शेवटचं वाक्य.

एतोशाचं अभयारण्य आमच्या गावापासून गाडीनं तास-दीड तासावर. सगळं जग तिथं जातं. आम्ही तिघी कधी गेलो नव्हतो. जनावरं बघायला पैसे मोजायचे, हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच येत नाही. पण आत्यानं कात्री खाली ठेवली आणि जाहीर केलं, "जाऊ. समोरासमोर बघू."

मग सुरू झाली तयारी. आई म्हणाली, ऑगस्टमध्ये जाऊ, सुक्या दिवसांत जनावरं पाणवठ्यावर येतात. आत्या म्हणाली, ऑगस्टमध्ये पूर्वजांचा उत्सव, सगळ्या बायकांना तेव्हाच नवा झगा लागतो, मला मान वर करायला फुरसत नसते. पाऊस पडल्यावर जावं, तर जनावरं रानभर पांगतात. शेवटी सप्टेंबर ठरला. तेवढ्यावर आठवडाभर धुसफूस झाली.

खरी अडचण पुढेच होती. आत्यानं पूर्ण पोशाखात जायचं ठरवलं: घोळदार झगा, आत परकरांवर परकर, आणि डोक्यावर गाईच्या शिंगांसारखी दोन टोकं काढलेली आमची कापडी टोपी.

"आत्या, दिवसभर गाडीत बसायचंय. साधा स्कर्ट घाल की."

"पाहुणी म्हणून जायचं आणि उघड्या डोक्यानं? तुझ्या आजीनं काय म्हटलं असतं?"

"तिथे आजी नाही, हत्ती आहेत."

"मग त्यांच्यापुढे तरी नीट दिसू."

आत्या टोपी घालणार म्हटल्यावर आई मागे कशी राहील? अंगणात गाडी उभी करून आम्ही तालीम घेतली. मागच्या सीटवर दोघी शेजारी बसल्या, तर टोकाला टोक अडकलं आणि एकीनं मान वळवली की दुसरीची टोपी फिरायची. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "अगं, एका दाव्याला दोन गाई बांधू नका, मारामारी करतील!" मग एक पुढे, एक मागे. पुढे आत्या. तिच्या टोपीचं एक टोक खिडकीबाहेर, दुसरं माझ्या गालाशी.

निघण्याच्या दिवशी एवढं खाणं भरलं की गाडी मागून बसली: सुकवलेलं मांस, तळलेले पिठाचे गोळे, आंबट दुधाचा कॅन.

फाटकावरचा तरुण पहारेकरी खिडकीत वाकला. दोन्ही टोप्यांकडे बघत गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "माफ करा, पाळीव गुरं आत नेता येत नाहीत." आणि लगेच त्याचे दात दिसले.

आत्यानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुझ्या खांद्याची शिवण उसवलीये. आईला सांग, नाहीतर औचोला ये. आणि दात झाक, धूळ जाईल."

तो हसत बाजूला झाला.

आत गेल्यावर पहिला तासभर नुसते दगड, काटेरी झुडपं आणि पांढरी धूळ. मग हरणं. मग आणखी हरणं. मागून आई म्हणाली, "एवढ्यासाठी परकरांना इस्त्री केली वाटतं." तेवढ्यात एका पाणवठ्यापाशी झेब्रे दिसले. भरपूर. मी गाडी थांबवली.

पण झेब्रा काही पोट दाखवत नाही. पाठ दाखवतो, पार्श्वभाग तर आवर्जून दाखवतो. आत्या खिडकीतून इतकी वाकली की मी मागून तिचा झगा धरून ठेवला. "उतरायचं नाही हं! दंड होईल!"

"उतरत नाहीये. बघतेय. अरे बाबा, जरा वळ की!"

आमची गाडी हलत नाही म्हटल्यावर मागे दुसरी थांबली. मग तिसरी. इथे कुणी थांबलं की सगळ्यांना सिंह दिसायला लागतात. लाल झालेल्या नाकाचा एक पर्यटक कुजबुजला, "कुठे आहे?"

"कोण?"

"सिंह!"

"सिंह कशाला? पोट बघतोय आम्ही."

तो बराच वेळ दुर्बिणीतून झेब्र्याचं पोट बघत राहिला, बिचारा.

आणि मग एका जाड मादीनं मनावर घेतलं. गुडघे दुमडले, धुळीत बसली, आणि चारही पाय आकाशाकडे करून लोळायला लागली. पोट सगळ्या जगासमोर उघडं. पट्टे! दोन्ही बाजूंनी येऊन मधोमध नीट भेटलेले.

"बघा वहिनी! बघा!" आत्या टाळ्या पिटायला लागली. "शिवणीला कसे जुळलेत!"

आईनं पुष्कळ वेळ बघितलं. मग हाताची घडी घालून म्हणाली, "हे आमच्याकडचे नव्हेत."

दुपारी कॅम्पवर जेवताना मी तिथल्या वनरक्षकाला गाठलं. तो म्हणाला, झेब्रे दोन जातींचे. माळावरच्यांचे पट्टे पोटाखालून फिरतात. पश्चिमेच्या डोंगरातल्यांचं पोट पांढरं.

म्हणजे दोघी खऱ्या. आता भांडण मिटेल असं मला वाटलं. पण अर्धी जीत कुणालाच पचेना. आई पश्चिमेचा रस्ता विचारायला लागली. आत्या मांसाचा तुकडा चावत विचारात पडली होती. शेवटी म्हणाली, "डोंगरातल्यांना कापड कमी पडलं असणार. आम्हीही अस्तराला पांढरंच लावतो."

आईला हसू आवरेना. दूध नाकातून आलं तिच्या. वडील गेल्यानंतर मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

जेवण झाल्यावर दोघी कॅम्पच्या पाणवठ्याशेजारी बाकावर बसल्या. एक हत्तीण पिल्लाला घेऊन आली आणि पीत राहिली, पीत राहिली. आत्याचं सगळं लहानपण आजोबांच्या विहिरीतून गुरांसाठी बादल्या ओढण्यात गेलेलं. ती हळूच म्हणाली, "बाई गं, हिच्यासाठी पाणी कुणी काढायचं!" आईनं तिच्या मांडीवर हात ठेवला. "चला वन्सं, फाटक बंद होईल."

"थांबा हो. तिचं होऊ दे की."

आम्ही फाटकावर पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. सकाळचाच पहारेकरी. घड्याळावर बोट ठेवून रागवायला लागला, तोच आत्या म्हणाली, "शर्ट काढ. इथेच शिवून देते, सुई आहे माझ्याकडे." त्यानं घाईघाईनं फाटक उघडलं.

पुढच्या सप्टेंबरला पश्चिमेच्या डोंगराकडे जायचं नक्की झालंय. या वेळी पुढे कोण बसणार, यावर सध्या घरात बोलणं बंद आहे.