कुर्टसाहेबांचा ओटा

नवी जागा दाखवायला नेलं की कुर्टसाहेब आधी बसून घेत. भिंत असली तर भिंतीला टेकून, नसली तर निंबाखाली, टोपी गुडघ्यावर ठेवून. बरोबरच्या मंडळींना वाटे, साहेब वाऱ्याची दिशा पाहताहेत. खरं म्हणजे माणूस दमलेला होता. "बहुत बांधला. आता पुरे," हे त्यांचं पालुपद. तसं म्हणत म्हणतच ते बांधत राहिले.

मी धुळ्याला त्यांचे नकाशे काढत असे. लढाईआधी त्यांनी जर्मनीत शाळा, नाटकगृहं, एक रेल्वे स्टेशन बांधलं होतं. लढाई संपल्यावर तिथल्या नगरपालिकेनं त्यांना काम दिलं, ते बॉम्बनं खिळखिळ्या झालेल्या इमारतींपैकी कोणत्या पाडायच्या हे ठरवण्याचं. त्यात त्यांच्या स्वतःच्याही निघाल्या. "मैंने ही बोला, गिराओ," एवढं सांगून ते विडी पेटवत. पुढे मुंबई, मग जळगावला कापसाच्या जिनिंगच्या शेड, आणि शेवटी आग्रा रोडवरचा आमच्या कमिटीचा दवाखाना.

दवाखान्याचा पहिला भाग सुरू झाला आणि आठवडाभरात नव्या व्हरांड्यात तीन दगडांची चूल पेटली. आपल्याकडे दवाखान्यात माणूस एकटा कधी जातो? गाडी जुंपून सगळं घर येतं. साहेबांच्या नकाशात मात्र या घराला जागाच नव्हती. काळी पडलेली भिंत पाहून ते चुलीशी बसलेल्या म्हातारीवर तडकले. तिनं भाकरी उलटली आणि विचारलं, "सून मझार शे. मंग मी कोठे जाऊ?"

सून आत आहे, मग मी कुठे जाऊ, असं ती विचारते, हे मी साहेबांना सांगितलं. साहेब तिच्याशेजारी फरशीवर बसले. तिनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पुढे केली, ती त्यांनी खाल्ली.

परतताना त्यांनी बायकोचं सांगितलं. लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात ती दवाखान्यात होती. आत जायला बंदी होती. ते रोज दारापर्यंत जाऊन परत येत. ती गेली तेव्हा तिच्याजवळ कोणी नव्हतं. "मैं बाहर था. रस्ते पे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दर्शनी भागावरचा घड्याळाचा मनोरा नकाशातून काढून टाकला आणि त्या जागी नातेवाइकांसाठी लांबलचक ओटा काढायला लावला. वर छप्पर, कडेला चुली, पाण्याची टाकी. कमिटीचे अध्यक्ष नानासाहेब खवळले. मनोरा त्यांच्या वडिलांच्या नावाचा होता.

"साहेब, धर्मशाळाच बांधायची तर गावचा गवंडी काय वाईट?"

"टॉवर चाहिए तो दूसरा आदमी लाओ," साहेब म्हणाले.

काम गेलं असतं तर त्यांना जायला ठिकाण नव्हतं, हे मला माहीत होतं. मी रात्रंदिवस धास्तावलेला, आणि हे गृहस्थ नानासाहेबांच्या पडवीत रोज जाऊन नुसते बसत. शेवटी कंटाळून साहेबांनीच तोड काढली. वडिलांचं नाव ओट्यावर कोरायचं, मनोऱ्यावर बसलं असतं त्याच्या दुप्पट अक्षरांत. नानासाहेबांचा राग तिथेच निवला. मोठेपणाची हौस कधी कधी अशी कामाला येते.

दोन उन्हाळ्यांनी साहेबांना कावीळ झाली. त्याच दवाखान्यात खाट मिळाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार आशा नाही. मी संध्याकाळी शेजारी बसलो होतो, तेवढ्यात ओट्यावरच्या दोघी-तिघी बायका आत आल्या. त्यांतली थोरली, शिंदखेड्याकडची अक्का, मला म्हणाली, "भाऊ, या सायबनं आठे कोनी नही शे का?"

"नाही, इथे त्यांचं कोणी नाही," मी म्हणालो. तशा त्या खाटेभोवती बसल्याच. कापूस, जावई, म्हशीचं दूध, सगळं निघालं.

साहेबांनी डोळे किलकिले केले. "इनको बोलो, जाओ. बहुत बोलते हैं. मुझे सोना है."

मी सांगितलं. अक्का जागची हलली नाही. "जपी जा म्हना त्याले. आम्ही कोठे जातस?" साहेबांना झोपायला सांगून ती पुन्हा म्हशीवर आली. साहेब पुटपुटले, "पुरे," आणि झोपले.

सकाळी मी पोचलो तेव्हा ते गेले होते. अक्का पायाशी तशीच बसलेली होती, बाकीच्या बायकाही. मला पाहून ती म्हणाली, "एकला नही व्हता तो, भाऊ. आम्ही बठ्ठा आठेच व्हतूत."