सनाचा रुमाल उतरवायला गोखिवऱ्याला

जुबेदाचा फोन आला तेव्हा मी अंगणात सुकेळ्यांसाठी सोललेली केळी वाळत घालत होते. "सुमन, उद्या गोखिवऱ्याला घरी ये. सनाला तूच समजाव. डोक्याचा रुमाल काढत नाही, नोकरी जाणार."

विरारच्या बाजारात आम्ही शेजारी बसायचो. माझी भाजी, तिच्या बांगड्या. सना तिची नात. चष्म्याच्या दुकानात लागणार होती, मालक म्हणाला, हिजाब काढून ये. म्हटलं, मी काढायला लावते.

आगाशीहून विरार स्टेशनची बस सकाळीच धरा. नंतर टोपल्या बसतात, माणसं उभी. विरारहून लोकलने वसई, तिथे पूल ओलांडून पूर्वेला गोखिवऱ्याची रिक्षा मिळते, भाडं आधी ठरवा. खड्डे फुकट आहेत.

जुबेदाकडे चहा-खारी झाली आणि मी सुरू केलं. "मी सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर टाकला. तुझ्या दादीने बुरखा सोडला, भावांनी बोलणं टाकलं. आणि तू हौसेने बांधतेस?"

"आजी, तुम्हाला पदर घे म्हणत होते, तुम्ही नाही घेतला. मला काढ म्हणतात, मी नाही काढत."

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. कॉलेजात नावावरून टोमणे मारायचे. मग ठरवलं, लपायचं नाही."

"उद्या नवरा म्हणाला, बांधल्याशिवाय बाहेर पडू नकोस, मग?"

"मग त्याच्यासमोर काढीन."

"बघ, कशी जीभ चालते!" जुबेदा कपाळावर हात मारून म्हणाली.

मी चपला घातल्या. "चल दुकानात."

मालक गोड बोलला. "आजी, माझं काही नाही हो. गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"मी गिऱ्हाईकच आहे. नंबर वाढलाय. हिलाच तपासू दे."

तो हसला, पण नकारार्थी मान हलवली. म्हटलं, मग तुझा चष्मा तुलाच. आम्ही बाहेर पडलो. नोकरी गेली.

घरी मुलगा म्हणाला, "समजवायला गेलीस की बिघडवायला?" बिघडवायलाच म्हण. तो रुमाल मला आजही आवडत नाही, बघूनच उकडतं. जुबेदा अजून माझ्यावर फुगलीय. पण काढ म्हणायला मी परत जाणार नाही.

काल सनाचा फोन आला. दुसऱ्या दुकानात बोलावलंय. म्हटलं, येऊ का?

"नको आजी. माझं मी बोलेन."

फोन ठेवला आणि कामाला लागले.