दप्तराची चेन आणि माझा तीन पानी अर्ज

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बरं का! पुढे माझी अवस्था ऐकून तुमचाच जीव कळवळेल.

विलायतेत दोन वर्षं व्यापार करार शिकून मी अमरावतीला परतले, ती देश वाचवायच्या तयारीनंच. कापसाचे दिवस फार वाईट होते. चांदूर बाजारच्या नसीमआपांच्या शिवणगटाला मी मदत करू लागले. गटात पंधरा बाया. त्यांची घरं मशीनवर चालायची. त्यांनी आश्रमशाळांच्या दप्तरांचं सरकारी टेंडर भरलं. सगळ्यांत कमी भाव त्यांचाच! आता फक्त नमुना पास व्हायचा होता.

गप्प बसायचं ना? पण मी बसते कसली!

"आपा, सरकारी खरेदीच्या जागतिक करारामुळे इथं परदेशी माल घुसतो. इथल्या बायांचं काम जातं!"

"पण बेटा, काम तं आपल्यालेच भेटून राहिलं न?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे!"

आणि दिला ठोकून तीन पानी अर्ज! 'सदर कराराचा धोका पाहता, ज्या नमुन्याचा एकही भाग परदेशी असेल तो बाद करावा.'

तपासणीच्या दिवशी नमुने तपासणाऱ्या वानखडे साहेबांनी माझा अर्ज मोठ्यानं वाचला. मी ताठ मानेनं उभी. पहिलं दप्तर आमचंच. साहेबांनी शिवण पाहिली, पट्टे ओढले, मग चेन डोळ्यांजवळ नेली.

"मॅडम, ही चेन चीनची हाय."

शक्यच नाही! "आपा, ही कुठून आली?"

"कुठून म्हंजे? तूच तं आणली अकोल्याहून! आमची साधी चेन काढाले लावली. म्हणे, नमुना चमकला पायजे!"

"मंग मॅडमच्याच अर्जानं तुमी बाद," साहेब म्हणाले. "अर्जाले आवक नंबर पडला. आता पाळाच लागते."

पंधरा बायांनी माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं, की वाटलं, त्या दप्तरात शिरावं आणि तीच चेन आतून लावून घ्यावी!

"काही उपाय?" मी पुटपुटले.

"एक हाय. तुमी लिवला त्या करारावर आपल्या देशानं सहीच नाई केली. थो आपल्याले लागूच नाई. तुमाले मालूम नव्हतं?"

नव्हतं हो! मी जिथं शिकले त्या देशाची सही होती. आपलीही असेलच, असं मी धरून चालले होते.

"मंग तसं लिहून द्या. अज्ञानातून अर्ज केला, मागे घेते. टेंडरच्या अटीत चेनचं काईच नाई. तुमचा अर्ज गेला का दप्तर पास."

कागद पुढे आला. साहेब सांगत गेले, मी लिहीत गेले: 'मला व्यापार करारांतले काही कळत नाही...'

इथं माझं पेन अडखळलं. "साहेब, 'काही'च्या जागी 'फारसे' लिहिलं तर चालेल?"

नसीमआपा माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होत्या.

"काहून खोटं लिवतं बेटा, सरकारी कागदावर?"